‘सिन्स’ कुठे घालायचं आणि कुठे नाही: बेळगाव भागातल्या मराठी नोकरदारांसाठी

मी खानापूर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, सोबत कन्नड, आणि इंग्रजी पेपरात पास होण्यापुरतं. उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये डिस्पॅचला लागलो, तेव्हा पहिल्याच महिन्यात पुण्याच्या एका ग्राहकाला मेल टाकायची वेळ आली. सांगायचं होतं की येत्या सोमवारपासून मी रजेवर आहे, तर गाडी शनिवारीच पाठवा. मी लिहिलं, ‘आय ॲम ऑन लीव्ह सिन्स मंडे, प्लीज सेंड व्हेईकल.’ मेल गुरुवारी गेला. समोरच्याने वाचलं की हा माणूस गेल्या सोमवारपासून रजेवर आहे. मग तिथे माल द्यायला कोण आहे, असा विचार करून त्याने गाडीच थांबवली. पुढच्या आठवड्यात साहेबांनी तो मेल सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. मी तेव्हा गावात जत्रेला होतो, म्हणून निदान तोंड तरी वाचलं.

चूक एका शब्दाची होती. त्यानंतर मी हा ‘सिन्स’ धरून बसलो. आता आमच्याकडे नवीन पोरं लागली की पहिल्या आठवड्यात मी त्यांना हेच शिकवतो, आणि तेच इथे मांडतो आहे. व्याकरणाचं पुस्तक वाचल्यासारखं वाचू नका. एकेक पायरी घ्या आणि तुमच्या स्वतःच्या वाक्यावर लावून बघा.

हाताशी काय हवं

भिंतीवरचं कॅलेंडर (शब्दशः भिंतीवरचं, कारण त्यावर बोट ठेवायचं आहे). एक वही. तुमच्या स्वतःच्या तारखा: शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं वर्ष, नोकरीला लागल्याची तारीख, सध्याच्या घरात राहायला आल्याचा महिना, लग्न झालं असेल तर ती तारीख. आणि तुम्ही पाठवलेले जुने पाच-दहा मेल किंवा व्हॉट्सॲप मेसेज. चुका त्यातच सापडतील, पुस्तकात नाही.

१. आधी ‘पासून’ची झडती घ्या

आपली खरी अडचण इंग्रजीत नाही, ‘पासून’मध्ये आहे. हा एकटा शब्द तीन-चार माणसांचं काम करतो. बघा:

सोमवारपासून ताप आहे.
तीन दिवसांपासून ताप आहे.
येत्या सोमवारपासून दुकान बंद राहील.
बस स्टँडपासून घर लांब आहे.

मराठीत चारही ठिकाणी ‘पासून’. इंग्रजीत पहिल्याला ‘सिन्स’, दुसऱ्याला ‘फॉर’, तिसऱ्या-चौथ्याला ‘फ्रॉम’.

दुसऱ्या भाषेकडून मदत मिळेल म्हणाल, तर तीही नाही. कन्नडमध्ये ‘सोमवारदिंद’ आणि ‘एरडु वर्षदिंद’, दोन्हीकडे तोच ‘इंद’. हिंदीत ‘सोमवार से’ आणि ‘दो साल से’, तोच ‘से’. म्हणजे आपण सीमाभागातली माणसं घरी मराठी, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी ऐकतो आणि तिन्हीकडून एकच चुकीची सवय पक्की होते. ‘सिन्स टू इयर्स’ आपल्या तोंडात इतकं घट्ट का बसलंय याचं कारण हे आहे. तुम्ही ढ आहात असं नाही.

चौथ्या वाक्याचा निकाल इथेच लावून टाकू. जागेला ‘सिन्स’ कधीच लागत नाही. ‘सिन्स बस स्टँड’ असं काही नसतं. ‘सिन्स’ फक्त वेळेचा.

२. ‘गेले-गेली’ची कसोटी

ही पायरी नीट घ्या, निम्म्याहून जास्त चुका इथे जातात.

तुमच्या मराठी वाक्यातला ‘पासून’ काढा आणि पुढे ‘गेले’ किंवा ‘गेली’ लावा. वाक्य सरळ राहिलं तर ‘फॉर’. वाक्य मोडलं तर ‘सिन्स’.

‘दोन वर्षांपासून इथे आहे.’ बदला: ‘गेली दोन वर्षं इथे आहे.’ छान बसलं. म्हणून ‘फॉर टू इयर्स’.

‘२०१९ पासून इथे आहे.’ बदला: ‘गेलं २०१९ इथे आहे.’ मोडलं. म्हणून ‘सिन्स २०१९’.

‘लहानपणापासून कुस्ती बघतो.’ ‘गेलं लहानपण कुस्ती बघतो’ असं कोणी म्हणत नाही. म्हणून ‘सिन्स चाइल्डहूड’.

‘बऱ्याच दिवसांपासून भेट नाही.’ ‘गेले बरेच दिवस भेट नाही.’ बसलं. म्हणून ‘फॉर अ लाँग टाइम’. ‘सिन्स लाँग’ किंवा ‘सिन्स मेनी डेज’ नाही.

मनात शंका उरलीच तर दुसरी कसोटी कॅलेंडरची. ज्या वेळेबद्दल बोलताय तिच्यावर कॅलेंडरात एक बोट ठेवता येतं का? सोमवार, मार्च, १ तारीख, यांवर बोट ठेवता येतं. तिथे ‘सिन्स’. ‘तीन दिवस’ यावर बोट ठेवायला गेलात तर कुठले तीन? ते मोजायचे असतात. तिथे ‘फॉर’. बोट ठेवायची जागा म्हणजे तारीखच हवी असं नाही. घटनाही चालते. ‘गणपतीपासून’, ‘जत्रेपासून’, ‘जेवणाच्या सुट्टीपासून’, ‘आईच्या ऑपरेशनपासून’. या सगळ्यांना ‘सिन्स’च.

इथे दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा ‘गेल्या’ हा शब्द आधीच वाक्यात असतो तेव्हाचा. ‘गेल्या आठवड्यापासून’ हे ‘सिन्स लास्ट वीक’, बरोबर. पण ‘गेल्या पाच वर्षांपासून’ हे ‘फॉर द लास्ट फाइव्ह इयर्स’. ‘सिन्स लास्ट फाइव्ह इयर्स’ हे आपल्याकडच्या प्रत्येक दुसऱ्या बायोडेटात असतं, आणि ते चूक आहे. मोजणी दिसली की ‘फॉर’.

दुसरा खड्डा ‘सिन्स फ्रॉम’. ‘सिन्स फ्रॉम चाइल्डहूड’, ‘सिन्स फ्रॉम २०१५’. एकावर एक दोन टोप्या. एकच ठेवा.

३. क्रियापद बदला, नाहीतर ‘सिन्स’ बरोबर असूनही वाक्य चुकतं

आपण म्हणतो, ‘मी २०१९ पासून इथे काम करतोय.’ गावात तर ‘काम करूलोय’. हे क्रियापद चालू काळाचं, म्हणून इंग्रजीत सरळ उतरतं ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स २०१९’. शब्दाला शब्द बरोबर, वाक्य चूक.

इंग्रजीला इथे मागचा दोरा दाखवावा लागतो. काम २०१९ मध्ये सुरू झालं आणि अजून चालू आहे, हे क्रियापदातच दिसलं पाहिजे. म्हणून ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २०१९’. ‘ॲम’ किंवा ‘इज’च्या जागी ‘हॅव बीन’ किंवा ‘हॅज बीन’. नव्या पोरांना मी सांगतो की ‘सिन्स’ दिसला की मागे ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आहे का ते बघ, हेल्मेट घातलंय का बघतो तसं.

मशीन बंद आहे: ‘द मशीन हॅज बीन डाउन सिन्स ट्यूसडे.’ ‘इज डाउन सिन्स’ नाही.

पगार नाही: ‘मार्चपासून पगार मिळाला नाही’ म्हणजे ‘आय हॅव नॉट रिसीव्हड माय सॅलरी सिन्स मार्च.’ इथे ‘डिड नॉट’ घालायचा मोह होतो, कारण मराठीत ‘मिळाला’ हा भूतकाळ आहे. घालू नका.

गावच्या नावाचं उदाहरण घ्या. सरकारी कागदोपत्री बेळगावचं इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. यावर दोन वाक्यं होतात. ‘द नेम वॉज चेंज्ड ऑन १ नोव्हेंबर २०१४.’ आणि ‘इट हॅज ऑफिशियली बीन बेळगावी सिन्स १ नोव्हेंबर २०१४.’ घरात आपण काय म्हणतो तो वेगळा विषय. पहिलं वाक्य त्या दिवशी घडून संपलेली गोष्ट सांगतं, दुसरं तेव्हापासून आजपर्यंत चालत आलेली. पुढची पायरी याच फरकावर आहे.

४. एकदाच घडलेल्या गोष्टीला ‘सिन्स’ नाही

‘आय जॉइन्ड सिन्स २०१९.’ ‘आय मॅरीड सिन्स २०१०.’ मुलाखतीत हे मी स्वतः ऐकलंय, आणि एकदा स्वतः बोललोयही.

नोकरीला लागणं एका दिवसात होतं. लग्नही एका दिवसातच लागतं. ते पुढे लांबत नाही, लांबतो तो संसार. म्हणून ‘आय जॉइन्ड इन २०१९’, पण ‘आय हॅव बीन विथ धिस कंपनी सिन्स २०१९’. ‘आय गॉट मॅरीड इन २०१०’, पण ‘वी हॅव बीन मॅरीड सिन्स २०१०’.

टिळकवाडीतली काँग्रेस विहीर तुम्ही पाहिली असेल. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन बेळगावात झालं, त्यासाठी ती खोदली. अधिवेशन भरलं आणि संपलं, म्हणून ‘द सेशन वॉज हेल्ड इन १९२४’. विहीर अजून आहे, म्हणून ‘द वेल हॅज बीन देअर सिन्स १९२४’. वर्ष एकच, पण अधिवेशनाला ‘इन’ आणि विहिरीला ‘सिन्स’.

५. पुढच्या तारखेला ‘फ्रॉम’

माझी गाडी अडली ती इथे.

‘सिन्स’चं तोंड कायम मागे असतं. मागच्या एका ठिकाणी उभं राहून आजपर्यंत यायचं, एवढंच त्याचं काम. उद्याच्या, परवाच्या, येत्या महिन्याच्या कुठल्याही गोष्टीला तो चालत नाही. ‘येत्या सोमवारपासून रजा’ म्हणजे ‘आय विल बी ऑन लीव्ह फ्रॉम मंडे’. ‘१ एप्रिलपासून नवीन दर’ म्हणजे ‘न्यू रेट्स फ्रॉम १ एप्रिल’. दुकानाच्या शटरवर ‘क्लोज्ड सिन्स टुमारो’ लावलेली पाटी मी या डोळ्यांनी पाहिली आहे. मालकाला सांगावं असं वाटलं, पण दुकान बंद होतं.

‘नऊपासून पाचपर्यंत’ हेही ‘फ्रॉम नाइन टू फाइव्ह’. दोन्ही टोकं सांगितली की ‘सिन्स’ला तिथे काम उरत नाही.

६. ‘आल्यापासून’ आणि ‘येऊन झाली’

‘सिन्स’नंतर अख्खं वाक्यही येतं, आणि इथे मराठी आपल्याला चक्क मदत करते. आपलं ‘-ल्यापासून’ हे रूप त्याला नेमकं बसतं.

बेळगावला आल्यापासून: ‘सिन्स आय केम टू बेळगावी’.
नवीन साहेब आल्यापासून: ‘सिन्स द न्यू मॅनेजर केम’.

‘सिन्स’च्या आतल्या वाक्यात साधा भूतकाळ, बाहेरच्यात ‘हॅव’ किंवा ‘हॅज’. ‘सिन्स आय केम हिअर, आय हॅव लर्न्ड अ लॉट.’ मुलाखतीसाठी हे एक वाक्य पाठ करून ठेवायला हरकत नाही, मात्र पुढचा प्रश्न ‘काय शिकलात?’ असाच येतो, त्याचीही तयारी ठेवा.

दुसरं रूप: ‘गाव सोडून दोन वर्षं झाली.’ हे इंग्रजीत ‘इट हॅज बीन टू इयर्स सिन्स आय लेफ्ट माय व्हिलेज’. इथे ‘टू इयर्स’ आणि ‘सिन्स’ एकाच वाक्यात दिसतात म्हणून दुसऱ्या पायरीवर शंका घेऊ नका. ‘सिन्स’ला चिकटलंय ते ‘गाव सोडलं’ हे, दोन वर्षं नाही. बोट ठेवता येतं ते गाव सोडलेल्या दिवसावर.

७. ‘ज्याअर्थी’वाला सिन्स

हा दुसराच प्राणी. ‘सिन्स द बस वॉज लेट, आय टूक ॲन ऑटो.’ यात वेळ नाही, कारण आहे. बस उशिरा होती म्हणून रिक्षा केली.

मराठीत याला अगदी नेमका जोड आहे, फक्त तो आपण सरकारी नोटिशीतच वाचतो: ‘ज्याअर्थी... त्याअर्थी’. पण तिथे आपण दोन्ही शब्द लावतो आणि फसतो. इंग्रजीत ‘सिन्स’ लावला की पुढे ‘सो’ किंवा ‘देअरफोर’ लावत नाहीत. ‘सिन्स इट वॉज रेनिंग, सो आय डिड नॉट कम’ चूक. ‘सिन्स इट वॉज रेनिंग, आय डिड नॉट कम’ बरोबर. किंवा ‘सिन्स’ काढून टाका आणि ‘सो’ ठेवा.

एकाच शब्दाला वेळ आणि कारण असे दोन अर्थ कसे आले? जुन्या इंग्रजीत याचा मूळ शब्द ‘त्यानंतर’ या अर्थाचा होता, घासत घासत तो ‘सिन्स’ झाला. एक गोष्ट दुसरीनंतर झाली की माणूस लगेच पहिलीला कारण ठरवतो. आपणही ‘तो आल्यापासून घराची वाट लागली’ म्हणतो तेव्हा वेळ सांगत असतो की त्याच्यावर खापर फोडत असतो?

ऑफिसात हाच घोळ महाग पडतो. ‘सिन्स मिस्टर सो-अँड-सो लेफ्ट, वी हॅव हॅड डिलेज.’ तो गेल्यापासून उशीर होतोय, की तो गेल्यामुळे? वाचणारा आपल्याला हवा तो अर्थ घेतो. तक्रारीच्या किंवा पैशाच्या मेलमध्ये कारण सांगायचं असेल तर सरळ ‘बिकॉज’ लिहा. ‘सिन्स’ वेळेसाठी राखून ठेवा. हा नियम नाही, माझा सल्ला आहे, पण तो मी मोडत नाही.

८. शेवटी एकटाच लटकणारा सिन्स

‘ही लेफ्ट इन २०१५ अँड आय हॅव नॉट सीन हिम सिन्स.’ त्याच्या पुढे काही नाही, वाक्य तिथेच संपतं. अर्थ ‘त्यानंतर’. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं टायपिंग राहिलंय. राहिलेलं नसतं. ‘एव्हर सिन्स’ म्हणजे ‘तेव्हापासून आजतागायत’. बोलताना वापरायची घाई नको, वाचताना ओळखता आलं की पुरे.

९. ‘सिन्स व्हेन’ विचारताना सांभाळून

ग्राहकाची तक्रार आली की आपण विचारतो, ‘कधीपासून त्रास आहे?’ आणि टाइप करतो ‘सिन्स व्हेन आर यू फेसिंग धिस प्रॉब्लेम?’ इथल्या माणसाला काही वाटत नाही. पण परदेशातला ग्राहक असेल तर ‘सिन्स व्हेन’ टोचरा लागतो. इंग्रजीत तो बऱ्याचदा ‘हे कधीपासून सुरू केलंस रे?’ अशा खोचक सुरात येतो. त्याऐवजी ‘हाउ लाँग हॅव यू हॅड धिस प्रॉब्लेम?’ किंवा ‘व्हेन डिड इट स्टार्ट?’ विचारा. कॉल सेंटर किंवा सर्व्हिस डेस्कला लागणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशीच लिहून घ्या.

१०. फॉर्म, केसपेपर आणि पाट्या

भाडेकरार, बँकेचा अर्ज, पोलीस पडताळणी यांत ‘रिसायडिंग सिन्स’ असा रकाना असतो. तिथे ‘८ इयर्स’ भरू नका. महिना-वर्ष भरा, उदाहरणार्थ ‘मे २०१६’. रकान्यात ‘पीरियड ऑफ स्टे’ असेल तर मात्र ‘८ इयर्स’. दोन्ही रकाने असतील तर दोन्हींचा हिशेब जुळतो का बघा, नाहीतर कारकून परत पाठवतो आणि तुमचा अर्धा दिवस जातो.

केसपेपरवर ‘फीवर सिन्स थ्री डेज’ लिहिलेलं दिसेल. आपले डॉक्टर सर्रास लिहितात आणि सगळ्यांना कळतं. त्यावरून डॉक्टरांना सुधारायला जाऊ नका. परदेशी जायची इंग्रजीची परीक्षा देणार असाल, तर तिथे मात्र ‘फॉर थ्री डेज’च लिहा.

खडे बाजारातल्या किंवा गणपत गल्लीतल्या दुकानांवर ‘सिन्स’ आणि पुढे वर्ष असतं. ते बरोबर आहे. क्रियापद नाही, पण पाटीला ते लागत नाही. मात्र ‘सिन्स ५० इयर्स’ अशी पाटी करायला टाकणार असाल तर पेंटरला थांबवा.

११. आठ दिवसांचा सराव

वहीत रोज पाच वाक्यं, स्वतःच्या तारखांची. आधी मराठीत लिहा, ‘पासून’खाली रेघ मारा, ‘गेले-गेली’ लावून बघा, मग इंग्रजी करा. सुरुवातीला ही पाच घ्या:

(अ) मी सकाळपासून उभा आहे.
(आ) आम्ही वीस वर्षांपासून वडगावात राहतो.
(इ) उद्यापासून शिफ्ट बदलणार.
(ई) विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ पासून बेळगावात आहे.
(उ) तो गेल्यापासून फोन नाही.

उत्तरं: (अ) ‘आय हॅव बीन स्टँडिंग सिन्स मॉर्निंग’ आपल्याकडे चालतं, बाहेर ‘सिन्स धिस मॉर्निंग’ म्हणतात, तेच शिका. (आ) ‘वी हॅव लिव्हड इन वडगाव फॉर ट्वेंटी इयर्स.’ (इ) ‘द शिफ्ट विल चेंज फ्रॉम टुमारो.’ (ई) ‘द युनिव्हर्सिटी हॅज बीन इन बेळगावी सिन्स १९९८.’ (उ) ‘ही हॅज नॉट कॉल्ड सिन्स ही लेफ्ट.’

आठ दिवसांनी जुने मेल उघडा, शोधायच्या चौकटीत ‘सिन्स’ टाका आणि जे जे सापडेल ते तपासा. मी तपासलं तेव्हा पहिल्या वर्षातल्या एकेचाळीस मेलपैकी सहाच बरोबर निघाले, आणि त्या सहातले दोन साहेबांनी दुरुस्त करून दिलेले होते.